रसायनशास्त्राचे ऑनलाइन धडे आणि श्रेयांकांची पेढी

हिंगोली जिल्ह्याच्या औंढा नागनाथ तालुक्यात पूर्णा नदीवर सिद्धेश्वर धरण आहे. वरच्या अंगाच्या येलदरी धरणातून सोडलेले पाणी येथे अडते आणि कालव्यांवाटे खालच्या शिवारांत जाते. साठलेले पाणी पिकाच्या कामी यावयाचे, तर दार वेळेवर उघडावे लागते. उच्च शिक्षणातील नव्या श्रेयांक व्यवस्थेसंबंधीही हेच म्हणता येईल. एका ठिकाणी मिळविलेले श्रेयांक दुसऱ्या ठिकाणी उपयोगी पडू शकतात. मात्र त्यासाठीची कार्यवाही वेळेवर व्हावी लागते.

योजनेचे स्वरूप

९ जुलै २०१७ रोजी तत्कालीन राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते ‘स्वयम्’ या शासकीय ऑनलाइन शिक्षण मंचाचे उद्घाटन झाले. आयआयटी व भारतीय विज्ञान संस्था यांच्या सहकार्यातून उभा राहिलेला ‘एनपीटीईएल’ हा उपक्रमही त्यात सहभागी आहे. पुण्याच्या ‘आयसर’ संस्थेतील अध्यापकांनी तयार केलेला सेंद्रिय रसायनशास्त्राचा प्रारंभिक पाठ्यक्रम या उपक्रमात उपलब्ध झालेला आहे. पाठ पाहण्यास शुल्क नाही. प्रमाणपत्राच्या परीक्षेसाठी मात्र शुल्क भरून परीक्षा केंद्रावर उपस्थित राहावे लागते.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनुसार एका सत्रातील एकूण पाठ्यक्रमांपैकी कमाल ४० टक्के पाठ्यक्रम ‘स्वयम्’द्वारे पूर्ण करता येतात. २०१६ च्या विनियमांत ही मर्यादा २० टक्के होती. याच वर्षी, म्हणजे २०२१ मध्ये, श्रेयांक पेढीही सुरू झाली. विद्यार्थ्याच्या नावे तेथे खाते असते व त्यात श्रेयांक जमा होतात. ते कमाल सात वर्षे ग्राह्य राहतात. साधारणतः १५ तासांच्या तात्त्विक अध्यापनास एक श्रेयांक, असा हिशेब आहे.

कला शाखेची विद्यार्थिनी आणि रसायनशास्त्र

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार राज्यात लागू झालेल्या पदवी अभ्यासक्रमात मुख्य विषयाच्या विद्याशाखेबाहेरील खुला वैकल्पिक विषय घेण्याची तरतूद आहे. त्यामुळे सिद्धेश्वरची एखादी मुलगी मराठी हा मुख्य विषय घेऊनही रसायनशास्त्राचा प्रारंभिक अभ्यास करू शकेल. प्रस्तुत लेखक स्वतः कला शाखेचा पदवीधर असल्याने या तरतुदीचे मोल तो जाणतो. आमच्या विद्यार्थिदशेत शाखा एकदा ठरली की दुसऱ्या शाखेचे दार बंद होत असे.

हा विषय या परिसराला परकाही नाही. हिंगोली जिल्हा हळदीचा. हळदीचा डाग साबणाने धुताना लालसर होतो, हे घरोघरी ठाऊक आहे. हळदीतील कर्क्युमिन अल्कधर्मी द्रावणात रंग बदलते, हे त्याचे कारण. विहिरीच्या पाण्यात डाळ का शिजत नाही, युरिया सावलीत व कोरड्या जागी का ठेवावा, या प्रश्नांची उत्तरेही त्याच शास्त्रात आहेत. पंचायतीचा कारभार पाहणाऱ्यांनाही हे ज्ञान उपयुक्त ठरावे.

तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात

पहिली गोष्ट पूर्वसंमतीची. हिंगोली जिल्हा नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो. निवडलेला पाठ्यक्रम कोणत्या विषयाच्या जागी व किती श्रेयांकांसाठी धरला जाईल, हे नोंदणीपूर्वीच महाविद्यालयाकडून लेखी घ्यावे. प्रमाणपत्र हाती आल्यावर विचारणा करणे म्हणजे हंगाम उलटल्यावर कालव्याचे दार उघडणे होय. खासगी वा परदेशी मंचावरील प्रमाणपत्र आपोआप श्रेयांकांत रूपांतरित होत नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे.

दुसरी गोष्ट प्रयोगशाळेची. पडद्यावर अनुमापन पाहता येते; परंतु ब्यूरेटमधून थेंब केव्हा थांबवावा, हे हाताला पडद्यावरून कळत नाही. तात्त्विक पाठ्यक्रमाचे श्रेयांक तात्त्विकच असतात. विद्यार्थ्याच्या मूळ संस्थेने मार्गदर्शक अध्यापक नेमावा आणि प्रयोगशाळेची सोय करावी, अशी अपेक्षा २०१६ च्या विनियमांतच नमूद होती. तात्पर्य, ऑनलाइन पाठांमुळे महाविद्यालयाची गरज संपत नाही. उलट त्याची जबाबदारी वाढते.

तिसरी गोष्ट साधनांची व भाषेची. बहुतेक पाठ इंग्रजीत असतात. एनपीटीईएलच्या काही पाठ्यक्रमांची मराठी भाषांतरे झालेली आहेत. ती शोधून देण्याचे काम शिक्षकांचे आहे. जेथे इंटरनेट अपुरे पडते तेथे ‘स्वयम् प्रभा’च्या उपग्रह वाहिन्यांचा आधार घेता येईल.

गावाचे कर्तव्य

ग्रामपंचायतीने वाचनालयात एक संगणक आणि संध्याकाळचे दोन तास राखून ठेवले, शिक्षकाने अर्जाची मुदत फळ्यावर लिहिली आणि महाविद्यालयाने संमतिपत्र वेळेवर दिले, तर या सोयीचा लाभ गावापर्यंत पोहोचेल. यास मोठ्या निधीची गरज नाही. महाविद्यालय दूर आहे एवढ्याच कारणाने एखाद्या मुलीचे शिक्षण थांबू नये, यासाठी गावाने एवढे तरी करावे.