कुत्र्याची जात पाहण्याआधी लोकलची वेळ पाहा

टिटवाळ्यात राहून मुंबईत नोकरी करणाऱ्या माणसाला कुत्रा पाळायची हौस असेल, तर त्याने आधी आपला दिवस कागदावर मांडावा. टिटवाळा ते सीएसएमटी 64 किलोमीटर. गाडीत दीड तास धरा, घर ते स्टेशन आणि स्टेशन ते ऑफिस वेगळं. सकाळी साडेसहाला बाहेर पडलेला माणूस रात्री साडेआठला कुलूप उघडतो, म्हणजे झाले 14 तास. दोन महिन्यांच्या पिल्लाला दोन-तीन तासांच्या वर लघवी धरवत नाही, आणि मोठ्या कुत्र्याला रोज आठ तासांहून जास्त कोंडून ठेवलं की ते घर आणि स्वतःची नखं दोन्ही खात बसतं. या 14 तासांत घरी कोण असणार, हे ठरेपर्यंत लॅब्रॅडॉर की बीगल हा वाद घालण्यात अर्थ नाही.

आमच्या घरी उत्तर आधी ठरलं होतं, फक्त मला विचारलं नव्हतं. भाच्याने डोंबिवलीतल्या वन बीएचकेत सायबेरियन हस्कीचं पिल्लू आणलं. निळे डोळे, तोंडावर मुखवटा रंगवल्यासारखी खूण, फोटोत तर अप्रतिम. वर्ष होण्याआधीच त्याला बेंगळुरूला नोकरी लागली आणि ते पिल्लू, म्हणजे बर्फी, ‘थोडे दिवस मावशीकडे’ म्हणून माझ्याकडे टिटवाळ्यातल्या मांड्याला येऊन थडकली. मावशी घरीच असते, एवढीच माझी पात्रता!

हस्की वाईट कुत्रा नाही, हे आधी सांगते. सायबेरियाच्या ईशान्य टोकाला चुकची लोकांनी ही जात बर्फावरून गाडी ओढायला घडवली. 1925 साली अलास्कातल्या नोम गावात घटसर्प पसरला, तेव्हा सुमारे हजार किलोमीटर बर्फ तुडवत औषध पोचवलं ते कुत्र्यांच्या गाड्यांनी. त्यातला टोगो हस्कीच. अशा कुत्र्याच्या अंगावर केसांचे दोन थर असतात आणि अंगात न संपणारी धाव असते. ती धाव तिसऱ्या मजल्यावरच्या दीड खोलीत जिरवायची कशी? माझा दिवस पहाटे पाचला काळू नदीच्या बाजूला चालण्याने सुरू व्हायचा, कारण सातनंतर तिला ऊन सोसत नसे. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकून, जिभेवरची ओल उडवून गार होतो. आपल्याकडच्या दमट हवेत ती ओल उडतच नाही. मे महिन्यात लाइट गेली की बर्फी बाथरूमच्या फरशीवर चारी पाय पसरून पडायची आणि मी ओल्या टॉवेलने तिचं पोट पुसत बसायची. कोणीतरी सुचवलं, केस भादरून टाका. कल्याणच्या डॉक्टरांनी साफ नाही म्हटलं: तो थर उन्हापासूनही वाचवतो, आणि कापला की पुन्हा नीट येईलच असं नाही.

बाकीचे पराक्रम थोडक्यात. हस्की भुंकते कमी, रडते जास्त. कोल्ह्यासारखा तो लांब सूर दुपारी दोनला लागला की खालच्या मजल्यावरच्या काकू वर यायच्या. एकदा पट्ट्यातून मान काढून निसटली आणि मांड्यातल्या एका घरच्या तीन कोंबड्या गेल्या. पैसे भरले, वर ऐकूनही घेतलं. त्यांचं चुकलं कुठे? बर्फीचंही नाही, शिकार तिच्या रक्तात आहे. अखेर भाच्याने बेंगळुरूला तळमजल्याचं, अंगण असलेलं घर भाड्याने घेतलं आणि तिला नेलं. तिथली हवा तिला जरा बरी मानवते.

तेव्हापासून वसाहतीत कोणी पिल्लू आणायचं काढलं की लोक मला विचारायला येतात. मी उलट विचारते: दुपारी दोन वाजता घरात कोण असतं? बहुतेक वेळा उत्तर येतं, आई. मग आईला विचारलंत का? जात निवडतो तिशीतला मुलगा, आणि पावसाळ्यात छत्री धरून खाली उतरते गुडघे दुखणारी आई. लॅब्रॅडॉर मायाळू असतो, सगळ्यांना माहीत आहे. पण तो 30 किलोचा होतो आणि मांजर दिसली की ओढतो, हे आईच्या खांद्याच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचं.

लॅबचंच घ्या. हा मुळात मच्छीमारांच्या मदतीला असलेला, पाण्यात उड्या घेणारा कामकरी कुत्रा. पहिली दोन वर्षं चपला, सोफा, रिमोट काही सुरक्षित नाही. शिवाय खादाड. केंब्रिजच्या संशोधकांनी 2016 मध्ये दाखवलं की बऱ्याच लॅब्रॅडॉरमध्ये भुकेशी निगडित एका जनुकात बिघाड असतो. पोट भरल्याचं त्यांना कळतच नाही. आपल्याकडे तर येणारा-जाणारा प्रेमाने पेढा भरवतो. तेव्हा पाहुण्यांना बजावून ठेवा, विशेषतः मनुका घातलेल्या शिऱ्याबद्दल. मनुका, द्राक्षं, कांदा आणि चॉकलेट कुत्र्याला विषासारखी बाधू शकतात.

पगची लाट 2003 च्या हच मोबाइलच्या जाहिरातीने आणली. मुलामागे गुपचूप चालणारं ते कुत्रं सगळ्यांना हवंसं झालं. त्याच्या चपट्या नाकाचं काय, हे कोणी पाहिलं नाही. त्या नाकातून श्वासच धड जात नाही, उन्हाळ्यात तर हाल. एसी परवडत असेल आणि लाइट टिकत असेल तरच पगचा विचार करावा. जर्मन शेफर्ड हुशार, पण त्याला रोज काम आणि शिकवण लागते. शेतघराच्या राखणीला आणून दिवसभर साखळीला बांधलेला शेफर्ड चिडका झाला, तर दोष त्याचा नसतो. लहान घराला, वयस्कर माणसांना मला अजूनही जुना ‘पामेरियन’ बरा वाटतो. आपण ज्याला पामेरियन म्हणतो तो बहुतेकदा इंडियन स्पिट्झ असतो, ‘हम आपके हैं कौन’मधला टफी. आपल्या हवेला तो सरावलेला आहे. भुंकतो मात्र फार, भिंती पातळ असतील तर शेजाऱ्यांशी आधीच बोलून घ्या.

देशी म्हणून कारवान किंवा मुधोळ हाउंड घ्यावा असं अलीकडे ऐकते. कुत्रा देखणा आणि काटक आहे, पण ससा धरायला माळरानावर धावणारी ही जात. गॅलरीत ती मिटून जाते. देशी हवाच असेल तर गेटजवळ जन्मलेलं गावठी पिल्लू का नको? आमच्याकडे आता तसंच एक आहे. केस आखूड, ऊन-पाऊस सोसतं, दुखणी कमी. तेही फुकट सांभाळून होत नाही, हे लक्षात ठेवा. सकाळ-संध्याकाळ फिरणं त्यालाही लागतं, अनोळखी माणसावर ते गुरगुरतं, आणि किती मोठं होईल याची खात्री नसते. पिल्लाचे उपद्व्याप झेपणार नसतील तर दोन-तीन वर्षांचं कुत्रं दत्तक घ्या. त्याचा आकार आणि स्वभाव समोर दिसतो, तिथे जातीवरून अंदाज बांधायला नको.

विकतच घ्यायचं असेल तर पिल्लाची आई पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. स्टेशनवर टोपलीत आणून देतो म्हणणाऱ्याचा फोन ठेवून द्या. 2017 च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही आणि पैदास करणाऱ्याला नोंदणी लागते. सोसायटीने ‘कुत्रा चालणार नाही, लिफ्टमध्ये आणू नका’ असा ठराव केला तरी डगमगू नका. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार असली बंदी घालता येत नाही. घाण मात्र आपण उचलायची. आणि नकोसं झालं म्हणून नदीकाठी सोडून येणं हा 1960 च्या कायद्याने गुन्हा आहे. तरी मे महिन्यात गळ्यात पट्टा असलेली उपाशी कुत्री आमच्या रस्त्यावर दिसतात.

पावसाळ्याचा खर्च निराळा धरा. गवत वाढलं की गोचीड चढतात आणि गोचीडतापाने कुत्रं दोन दिवसांत आडवं होतं; बोटांच्या मध्ये आणि कानांच्या आत रोज पाहावं लागतं. साचलेल्या पाण्यातून लेप्टोचा धोका असतो, त्याची लस रेबीजच्या लशीबरोबर दरवर्षी विसरू नये.

शेवटचा प्रश्न गणपतीचा. तुमचं गाव कोकणात असेल तर कुत्र्याला नेणार कसं, आणि ठेवणार असाल तर कोणाकडे? कल्याण, बदलापूर भागात पैसे घेऊन कुत्री सांभाळणारे आहेत, पण चतुर्थीच्या आठवड्यात सगळेच गावी निघतात. आषाढात फोन केला तर जागा मिळते. त्यातही मोठ्या, केसाळ आणि रडणाऱ्या जातींना नकार आधी येतो.