शिवथरघळ : श्रावणात जायचं की माघात?

 

गेल्या रविवारी सत्संग झाल्यावर चहा घेता घेता यंदाच्या सहलीचा विषय निघाला. शिवथरघळीवर सगळ्यांचं एकमत झालं, महिन्यावर मात्र झालं नाही. मुलामुलींचं म्हणणं, श्रावणातच जाऊया, धबधबा बघायचा तर तेव्हाच. ज्येष्ठ मंडळी गप्प बसली. ती का गप्प बसली ते मला चांगलं ठाऊक आहे, म्हणून या आठवड्याचा अभ्यासलेख त्यावरच लिहायला घेतला. अभ्यासाची बाजू आधी घेते, मग माझी चूक सांगते.

घळ म्हणजे लेणं नव्हे. आपल्या गटात दोघांनी तरी 'शिवथरची लेणी' असं लिहिलं होतं. लेणं माणसाने छिन्नी-हातोड्याने कोरलेलं असतं, कार्ल्याचं, अजिंठ्याचं. घळ पाण्याने झालेली असते. सह्याद्री हा थरांचा डोंगर आहे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर पसरला आणि थंड झाला. सगळे थर सारखे टणक नाहीत. वरचा कठीण थर टिकून राहतो, खालचा मऊ थर पाण्याने आणि ओलीने झिजत आत आत जातो. वर कातळाचं छप्पर, खाली बसण्यापुरती जागा आणि तोंडाशी पाण्याची धार, अशी ती घळ. भुयारासारखा मिट्ट अंधार मनात धरून जाऊ नका. तसंच गोकाकचा धबधबाही डोळ्यांपुढे आणू नका. तिथला दगड वेगळ्या जातीचा, वालुकाश्माचा, आणि घटप्रभा तिथे 52 मीटर खाली कोसळते ती लांबून बघायची. शिवथरला पाणी शेजारी घेऊन बसायचं असतं.

ही जागा रायगड जिल्ह्यात, महाडपासून साधारण 30 किलोमीटरवर, वरंध घाटाखालच्या डोंगरांत आहे. समर्थांच्या काळी हा सगळा भाग जावळीच्या रानातला. जावळी शिवाजी महाराजांनी 1656 मध्ये घेतली. त्याच्या थोडं आधी, शके 1576 म्हणजे इसवी सन 1654 च्या सुमाराला, समर्थ या घळीत राहायला आले असं परंपरा मानते. त्यांचा जन्म 1608 चा, म्हणजे तेव्हा वय शेहेचाळीसच्या आसपास. भारतभर फिरून झालं होतं, चाफळचं राममंदिर झालं होतं, आता एका जागी बसून ग्रंथ सांगायचा होता. 20 दशक, 200 समास, 7751 ओव्या. समर्थांनी सांगायचं आणि कल्याणस्वामींनी लिहायचं.

पुढे गंमत अशी झाली, की ग्रंथ घरोघरी पोचला आणि जागा विसरली गेली. धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव हे वकील आणि समर्थभक्त. त्यांनी 1893 मध्ये सत्कार्योत्तेजक सभा काढली आणि गावोगावच्या मठांत फिरून जुनी बाडं गोळा केली. डोमगावच्या मठात कल्याणस्वामींच्या हातची दासबोधाची प्रत होती, तिच्यावरून त्यांनी 1905 साली ग्रंथ छापला. घळ मात्र सापडली 1930 मध्ये. जुन्या पत्रांतले उल्लेख आणि समर्थांनी स्वतः केलेलं धबधब्याचं काव्यमय वर्णन यांचा माग काढत ते इथवर आले. आधी ग्रंथ हाती लागला आणि पंचवीस वर्षांनी तो ज्या जागी लिहिला गेला ती जागा! या जागेबद्दल अभ्यासकांत वादही झाला आहे. खरी घळ जवळच्या रामदास पठाराकडे असावी असं म्हणणारे आहेत. कोणी विचारलं तर चिडू नका, वाद आहे हे सरळ सांगा.

आता माझी चूक.

अकरा वर्षांपूर्वी आपल्या कंग्राळीच्या गटाची बस श्रावणात गेली होती. व्यवस्था माझ्याकडे. नावं लिहिणं, पैसे जमा करणं, डोकी मोजणं सगळं मीच. खाली गाडी लागली तेव्हा पाऊस नुसता ओतत होता, पायऱ्या शेवाळलेल्या. मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं, साठीच्या वरच्या बायकांनी खाली प्रसादालयापाशी थांबायचं. "आज्जी, पाय घसरला तर केवढ्याला पडेल! तुम्ही पिशव्या सांभाळा, आम्ही पटकन येतो." सात जणी थांबल्या. त्यात माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो.

आत्याबाईंना लिहायला-वाचायला येत नाही. पण लग्न होऊन कंग्राळीत आल्यापासून घरात रोज संध्याकाळी मामंजी दासबोध वाचायचे आणि त्या भाकरी थापत ऐकायच्या. पन्नास-पंचावन्न वर्षं ऐकलंय. मी पदवीधर, पण वाचताना ओवी अडली की पुढचा चरण स्वयंपाकघरातून त्या सांगतात. आमच्या सगळ्या बसमध्ये घळीवर सगळ्यात मोठा हक्क कुणाचा असेल तर तो त्यांचा होता, आणि त्यांना मी चपला राखायला बसवलं.

आम्ही वर गेलो. गर्दी, ढकलाढकली, छत्र्या, फोटो. पाण्याचा आवाज एवढा, की शेजारणीच्या कानात ओरडावं लागत होतं. मी डोकी मोजत उभी होते. परतीला निपाणीच्या अलीकडे कुठेतरी आत्याबाईंनी विचारलं, "काय हुतं गं आत?" मी मोबाईल पुढे केला. त्यांनी फोटो बघितला, परत दिला आणि म्हणाल्या, "ह्यात तुम्हीच हायसा की सगळे." रागाने नाही हं, सहज म्हणाल्या. मला मात्र पुढे कितीतरी दिवस ते आठवत राहिलं, कारण त्यांना सांगण्यासारखं माझ्याकडे खरंच काही नव्हतं.

त्यानंतर दरवर्षी जाऊया-जाऊया म्हणत घरात काही ना काही निघत गेलं. मुलीचं लग्न, मामंजींचं आजारपण, मग ते गेलेच. शेवटी दोन वर्षांपूर्वी माघात, दासनवमीच्या आधीच्या आठवड्यात, घरच्या घरी सहा जण निघालो. आत्याबाईंचं वय अठ्ठ्याहत्तर. पहिल्या दिवशी उंब्रजवरून आत वळून चाफळचा राम केला, रात्री साताऱ्यात नातेवाईकांकडे मुक्काम, दुसऱ्या दिवशी महाबळेश्वरवरून घाट उतरून पोलादपूर, महाड. लांबचा पल्ला आहे, पण एका दिवसात रेटला तर म्हातारं माणूस घळीपाशी पोचेपर्यंत संपतं.

पायऱ्या कोरड्या होत्या. जी वाट पोरं दहा-पंधरा मिनिटांत करतात ती आम्ही पाऊण तासात केली. एक हात कठड्याला, एक माझ्या खांद्याला. दर थोड्या पायऱ्यांनी टेकायचं, दोन घोट पाणी, खालची झाडी बघायची, परत उठायचं. माझा मुलगा आधी पुढे पळत होता, मग तोही मागे येऊन आज्जीच्या चालीने चालायला लागला. पहिल्यांदा गेले तेव्हा ही वाट मी बघितलीच नव्हती असं वाटलं.

घळीत आमच्याशिवाय चार-पाचच माणसं होती. धार बारीक झालेली, आवाज होता पण बोलणं ऐकू येत होतं. आत समर्थ सांगताहेत आणि कल्याणस्वामी लिहिताहेत अशा मूर्ती आहेत. आत्याबाई त्यांच्यासमोर बसल्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग मला म्हणाल्या, "पावसाळ्यात ह्या पाण्याचा केवढा आवाज आसंल गं. मग त्या लिवणाऱ्याला ऐकू कसं यायचं?"

मी दासबोधाची पारायणं केली आहेत, परीक्षेला बसले आहे, गटात निरूपणही करते. हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. पहिल्या खेपेला तर त्याच आवाजात मी स्वतः ओरडत उभी होते! एवढ्या आवाजात ऐकायचं तर गुरूच्या अगदी जवळ बसावं लागत असणार, एक शब्द हुकू नये म्हणून कान तिकडेच लावून. आणि ओल तर विचारूच नका. आपल्याकडे बेळगावच्या पावसात डब्यातले पापड सादळतात, आगपेटी पेटत नाही. मग त्या घळीत कागद कोरडा ठेवायचा, शाई फुटू द्यायची नाही, म्हणजे काय काम असेल! दासबोधात एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. अक्षर कसं असावं, समास किती सोडावा, लेखणी-शाई कशी असावी हे सगळं त्यात आहे. मला तो नेहमी जरा कोरडा वाटायचा, घाईने पुढे जायची. घरी आल्यावर परत वाचला.

आणखी एक. दासबोधाची सुरुवात श्रोत्यांच्या प्रश्नापासून होते. पहिल्या दशकात गणेश, शारदा, सद्गुरू, संत यांच्या स्तवनानंतर सहावा समास श्रोत्यांच्या स्तवनाचा आहे. ऐकणाऱ्यासाठी अख्खा समास! आमच्या घरी पन्नास वर्षं ज्यांनी नुसतं ऐकलं त्यांना आम्ही 'अडाणी' धरत होतो. असो.

तर महिन्याचा प्रश्न. मुलांनो, श्रावणातला धबधबा सुंदर असतो हे मला मान्य आहे, मी बघितलाय. पण तो भाग काय आहे तेही लक्षात घ्या. 22 जुलै 2021 ला याच महाड तालुक्यात तळिये गावावर दरड कोसळली आणि 80 हून अधिक माणसं गेली. पावसाळ्यात तिथले घाट कधी बंद होतील सांगता येत नाही, आणि आपण पन्नास माणसं, लहान पोरं घेऊन जाणार. शिवाय श्रावणात गेलो तर मला परत कुणाला तरी खाली बसवावं लागेल. ते काम मी आता करणार नाही, दुसऱ्या कुणाला करायचं असेल तर त्यांनी व्यवस्था घ्यावी. पौष-माघात पाणी कमी असेल, फोटो जरा फिके येतील. ज्यांना पूर भरलेला धबधबाच बघायचा आहे त्यांच्यासाठी गोकाक तासा-दीड तासावर आहे, एखाद्या रविवारी जाऊन या की.

माघात जायचं ठरलं तर आतापासून एवढं करूया. सहाव्या समासाचं आणि एकोणिसाव्या दशकातल्या पहिल्या समासाचं वाचन प्रत्येक घरी व्हावं. वाचताना घरातल्या ज्येष्ठांना मध्ये बसवा आणि त्यांना काय विचारावंसं वाटतं ते लिहून आणा. वर चढताना गट तुटू द्यायचा नाही. सगळ्यात हळू चालणारं माणूस पुढे आणि पळणारी पोरं त्यांच्यामागे. घसरणाऱ्या प्लास्टिकच्या चपला नकोत, काठी असेल तर लाजू नका, गुडघ्याचा पट्टा घरी विसरू नका. घळीत बसल्यावर पहिली दहा मिनिटं मोबाईल पिशवीत, कुणी आरती सुरू करायची नाही, घोषणाही नको. नुसतं बसायचं. प्रसादाची सोय खाली आहे, तरी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी प्रत्येकीने थोडी बांधून घ्यावी, वाटेत उपयोगी पडते.

कंग्राळी बुद्रुक, खुर्द आणि निपाणी या तिन्ही गटांनी आपलं मत येत्या एकादशीपर्यंत आपापल्या गटप्रमुखांकडे कळवावं. नावं देताना ज्यांना पायऱ्यांचा त्रास आहे त्यांची नावं आधी लिहा, म्हणजे गाडीतल्या दाराजवळच्या जागा त्यांना राखून ठेवता येतील. आत्याबाईंचं नाव मी यादीत पहिलं लिहिलं आहे. या खेपेला त्यांना तिथे पाऊण तास नको, दुपारभर बसायचंय म्हणे.