एसीत गॅस भरण्याआधी एवढं बघा

मैत्रिणींनो, गटाच्या प्रवासी गाडीचा एसी उन्हाळ्यात गार हवा देईना, की लगेच ऐकू येतं, "गॅस संपला." पण एसीचा गॅस डिझेलसारखा जळून संपत नाही. बंद नळ्यांमध्ये तोच गॅस फिरत असतो. एकाच हंगामात कमी झाला, तर कुठेतरी गळती आहे. ती न बुजवता गॅस भरणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणं!

आधी स्वतः तपासा :

१. केबिन फिल्टर : बहुतेक गाड्यांत समोरच्या कप्प्यामागे असतो. धुळीने भरला असेल तर साफ करा, फार खराब असेल तर बदला.

२. कंडेन्सर : रेडिएटरपुढची जाळी. इंजिन गार झाल्यावर पाण्याच्या हलक्या धारेने माती काढा.

३. पंखा : एसी चालू असताना पुढचा पंखा फिरतो का, ते लांबूनच बघा.

तरीही हवा गार येत नसेल, तर मेकॅनिककडे जा. डबा आणून घरी गॅस भरू नका. आर-१३४ए हा गॅस उणे २६ अंशाला उकळतो. अंगावर उडाला तर कातडी गोठते, डोळा जाऊ शकतो. जास्त भरला तर कॉम्प्रेसर बिघडतो.

मेकॅनिकला सांगा, "दादा, आधी गळती शोधून दाखवा. मग व्हॅक्यूम करा आणि गॅस वजन करून भरा." किती ग्रॅम लागतो, ते बहुधा बॉनेटखालच्या पट्टीवर छापलेलं असतं. तेवढाच भरला का, ते बिलावर लिहून घ्या आणि बिल गटाच्या फाइलला लावा. पैसा सगळ्यांचा आहे, हिशोबही सगळ्यांना कळला पाहिजे.