जुनी चेनसॉ कामाला लावताय? सुटे भाग नंबर आणि माप बघूनच घ्या



आंबा-काजूच्या जुन्या झाडांची छाटणी आली की माळ्यावर पडलेली जुनी चेनसॉ आठवते. कुणाकडे वडिलांच्या वेळची जड मशीन आहे, कुणी निसर्ग (जून २०२०) नाहीतर तौक्ते (मे २०२१) वादळानंतर घाईत घेतलेली. मशीन सुरू होत नाही, म्हणून आपण चेन किंवा कार्ब्युरेटर हातात घेऊन दुकानात जातो आणि "असंच द्या" म्हणतो. दुकानदार दिसायला तसाच भाग देतो. तो बसतोही, पण चार दिवसांत चेन उतरते नाहीतर पिस्टन धरतो.

आजच्या सल्ल्याचं सार एवढंच: *दिसायला सारखा म्हणजे बसणारा नव्हे. भाग घ्यायचा तो नंबर वाचून आणि माप घेऊन.* मेसेज मोठा आहे, जपून ठेवा. मशीन समोर घेऊन वाचलात तर जास्त उपयोग होईल.

*१) आधी ठरवा: खर्च करण्यासारखं मशीन आहे का?*

पैसे घालण्याआधी चार गोष्टी बघा. एक रुपया लागत नाही.

▪️ *दाब (कॉम्प्रेशन):* प्लग घट्ट बसवा, स्विच बंद ठेवा. स्टार्टरच्या दोरीची मूठ धरून मशीन उचला. चांगलं इंजिन लटकून राहतं आणि टप्प्याटप्प्याने हळू खाली येतं. सरळ सरकत खाली आलं तर रिंग-पिस्टन गेलेत समजा. मेकॅनिककडे गेज असेल तर १५० पीएसआयच्या आसपास उत्तम. १०० च्या खाली असेल तर सुरू व्हायला त्रास देणारच.

▪️ *पिस्टन:* सायलेन्सर काढून आतल्या भोकातून टॉर्च मारा. पिस्टनवर उभे ओरखडे दिसले तर तो कधीतरी धरलेला आहे.

▪️ *बेअरिंग:* फ्लायव्हील आणि क्लच हाताने वर-खाली हलवा. खडखड वाटली तर क्रँकचं बेअरिंग गेलंय. हे काम मोठं आहे.

▪️ *चेन ब्रेक:* पुढच्या मुठीसमोरची ढाल पुढे ढकलल्यावर 'टक्' असा आवाज येतो का? यावर खाली वेगळं लिहिलंय, ते नक्की वाचा.

बेअरिंग आणि पिस्टन दोन्ही गेले असतील आणि एकूण भागांचा खर्च नव्या मशीनच्या निम्म्यावर जात असेल, तर थांबा. तेच पैसे नव्या मशीनला लावलेले बरे.

*२) चेन, बार आणि स्प्रॉकेट हे एकच कुटुंब*

सगळ्यात जास्त चुकीची खरेदी इथेच होते. चेन घेताना तीन आकडे लागतात.

▪️ *पिच:* चेनचे सलग तीन रिव्हेट धरा. पहिल्याच्या मध्यापासून तिसऱ्याच्या मध्यापर्यंत मोजा आणि दोनने भागा. तीन रिव्हेटचं माप साधारण १६.५ मिमी आलं तर ०.३२५ इंच पिच, १९ मिमी आलं तर ३/८, आणि २०.५ मिमी आलं तर ०.४०४.

▪️ *गेज:* बारच्या खाचेत चालणाऱ्या खालच्या दाताची जाडी. ती १.१, १.३, १.५ किंवा १.६ मिमी असते. व्हर्नियर कॅलिपरने मोजा, डोळ्याने कळत नाही. १.३ ची चेन १.५ च्या बारमध्ये बसते, पण डुलते, वाकडी कापते आणि उतरते.

▪️ *खालच्या दातांची संख्या (ड्राइव्ह लिंक):* खडूने एकावर खूण करा आणि मोजा. "१८ इंची चेन द्या" हे माप अपुरं आहे. बार तेवढाच असला तरी मशीन बदललं की संख्या बदलते.

बऱ्याच बारवर मागच्या बाजूला हे तिन्ही आकडे कोरलेले असतात. गंज असेल तर रॉकेलने पुसून बघा.

आपल्याकडे दिसणाऱ्या मशीनची उदाहरणं:
• ५८ सीसीची चिनी बनावटीची मशीन: बहुतेकांना ०.३२५ पिच, १.५ गेज. २० इंची बारला सहसा ७६ आणि २२ इंचीला ८६ ड्राइव्ह लिंक. तरी मोजाच.
• स्टील कंपनीचं एमएस १८० सारखं छोटं मशीन: ३/८ ची छोटी (लो प्रोफाइल) चेन.
• स्टील ०७०, म्हणजे १०६ सीसीचं जुनं जड मशीन: ०.४०४ पिच, १.६ गेज.

⚠️ ३/८ ची *छोटी* आणि ३/८ ची *मोठी* अशा दोन चेन येतात. आकडा एकच, पण एकीचं स्प्रॉकेट दुसरीला चालत नाही. दुकानात "लो प्रोफाइल की साधी?" हे विचाराच.

स्प्रॉकेटवर चेनने पाडलेली खाच ०.५ मिमीपेक्षा खोल असेल तर स्प्रॉकेट बदला. झिजलेल्या स्प्रॉकेटवर नवी चेन टाकली तर ती चेनही लवकर खराब होते. नवा बार घेताना बोल्टच्या फटीची रुंदी आणि तेलाचं भोक जुन्या बारवर ठेवून जुळवा. भोक जुळलं नाही तर बारला तेल पोचत नाही आणि तो निळा पडतो.

*३) धार: भिरुडाकडून आलेली चेन*

आंब्याच्या खोडातला भिरूड तुम्हाला नव्याने सांगायला नको. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात जोसेफ कॉक्स नावाचा लाकूडतोड्या होता. १९४६ साली त्याने अशाच एका भुंगेऱ्याची अळी लाकूड पोखरताना नीट पाहिली. अळी आपल्या वाकड्या जबड्यांनी डावी-उजवीकडे कुरतडत सहज पुढे जात होती. त्यावरून त्याने सी आकाराच्या दातांची चेन बनवली आणि १९४७ मध्ये कंपनी काढली. आजची बहुतेक चेन त्याच तत्त्वावर चालते: एक दात डावा, एक उजवा.

म्हणून दोन्ही बाजूंचे दात *सारख्याच लांबीचे* राहिले पाहिजेत. एका बाजूचे जास्त घासले गेले की मशीन कापताना एका अंगाला ओढतं. आपण मात्र दोष बारला देतो.

गोल कानस पिचप्रमाणे घ्या: ३/८ छोटीला ४ मिमी, ०.३२५ ला ४.८ मिमी, ३/८ मोठीला ५.२ मिमी (काही कंपन्या ५.५ सांगतात), ०.४०४ ला ५.५ मिमी. कोन साधारण ३० अंश. कानस आतून बाहेर एकाच दिशेने चालवायची. दातासमोरचा छोटा उंचवटा दातापेक्षा साधारण ०.६५ मिमी खाली हवा. लवकर कापावं म्हणून तो जास्त घासू नका, मशीन झटके मारायला लागतं.

*४) पेट्रोल आणि रबरी भाग*

पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या मशीनची रबरी नळी आणि कार्ब्युरेटरमधला पातळ पडदा (डायफ्राम) त्यासाठी बनवलेले नव्हते. ते फुगतात, कडक होतात, चिरतात. वर इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. "गेल्या वर्षी चांगलं चालत होतं, आता सुरूच होत नाही" यामागे बऱ्याचदा हेच असतं.

▪️ पूर्ण कार्ब्युरेटर बदलण्याआधी *दुरुस्ती किट* बघा. कार्ब्युरेटरवर वॉल्ब्रो, टिलॉट्सन किंवा झामा असं नाव आणि नंबर कोरलेला असतो. किट मशीनच्या नावावर न घेता *कार्ब्युरेटरच्या नंबरवर* घ्यायचं. एकाच मॉडेलला वेगवेगळ्या वर्षी वेगळे कार्ब्युरेटर लागलेले असतात.
▪️ पेट्रोलची नळी, टाकीतला फिल्टर आणि डायफ्राम एकदमच बदला. नळी इथेनॉल सहन करणारी मागा.
▪️ एच आणि एल स्क्रू काढण्याआधी हलक्या हाताने बंद करून किती फेरे लागले ते लिहून ठेवा. जोर लावू नका, टोक खराब होतं. नोंद नसेल तर दोन्ही एक-एक फेरा उघडून सुरुवात करा.
▪️ मिश्रण: चांगलं टू-स्ट्रोक ऑइल असेल आणि मशीनची पुस्तिका परवानगी देत असेल तर १:५०, म्हणजे *लिटरला २० मिली*. जुन्या मशीनवर १:२५ लिहिलं असेल तर *लिटरला ४० मिली*. तयार मिश्रण महिनाभरापेक्षा जास्त ठेवू नका. काम संपलं की टाकी रिकामी करून मशीन बंद पडेपर्यंत चालवा.

*५) ठिणगी*

प्लगची फट ०.५ मिमी. ठिणगी नसेल तर लगेच कॉइल घेऊ नका. आधी स्विचची वायर सोडून बघा, कित्येकदा तीच कुठेतरी बॉडीला लागलेली असते. फार जुन्या मशीनमध्ये फ्लायव्हीलखाली सीबी पॉइंट आणि कंडेन्सर असतात. पॉइंट बारीक पॉलिश पेपरने साफ करून फट ०.३५ ते ०.४ मिमी ठेवा. कॉइल आणि फ्लायव्हीलमधली फट साधारण ०.३ मिमी असते. तिथे जाड व्हिजिटिंग कार्ड सरकवून स्क्रू आवळला तरी काम होतं.

*६) पिस्टन बदलताय? आधी तो का धरला ते शोधा*

ऑइल कमी पडलं, कार्ब्युरेटर फार कमी पेट्रोल देत होता, की ऑइल सील किंवा कार्ब्युरेटरमागच्या रबरातून हवा शिरत होती? कारण तसंच ठेवून नवा पिस्टन टाकला तर तोही धरेल. म्हणून पिस्टनबरोबर दोन्ही ऑइल सील बदला.

मॉडेलवर विसंबून पिस्टन घेऊ नका, सिलेंडरचा व्यास मोजा. हुस्कवर्ना ६१, २६८ आणि २७२ ही एकाच घडणीची मशीन, पण पिस्टन ४८, ५० आणि ५२ मिमीचे. आधी कुणी सिलेंडर बदललेला असेल तर वरच्या नावाला अर्थ उरत नाही. बसवताना पिस्टनवरचा बाण सायलेन्सरच्या बाजूला ठेवा. पिनच्या क्लिपा नव्याच घ्या.

*७) ब्रेक नसेल तर मशीन बागेत नको* ⛔

बारच्या टोकाचा वरचा भाग फांदीला लागला की मशीन डोळ्याचं पातं लवायच्या आत उलटं तोंडाकडे येतं. हात सावरायला वेळच मिळत नाही, तिथे चेन ब्रेक वाचवतो. ०७० सारख्या जुन्या मशीनना हा ब्रेकच नसतो. ताकद कितीही असो, अशा मशीनवर छाटणीसाठी खर्च करू नका. वडिलांची आठवण म्हणून साफ करून ठेवा, पण कामाला लावू नका. गड्याच्या हातात तर मुळीच देऊ नका.

ब्रेक आहे पण चालत नाही, तर पहिला खर्च त्यावर करा: पट्टा, स्प्रिंग आणि ढाल. तपासणी अशी: मशीन जमिनीवर घट्ट धरा, ब्रेक लावा आणि दोन-तीन सेकंदच पूर्ण गॅस द्या. चेन हलता कामा नये. खाली पडलेली चेन अडवणारा हूक (चेन कॅचर) आणि गॅसच्या मागचा लॉक हेही जागेवर हवेत.

*८) पहिल्या दिवशी*

नवी चेन रात्रभर तेलात बुडवून ठेवा. थंड असताना ती हाताने ओढली तर फिरली पाहिजे, पण बारखाली लोंबता कामा नये. पाच-दहा मिनिटं चालवून, थंड झाल्यावर पुन्हा ताणा. बारचं टोक कोऱ्या पुठ्ठ्यासमोर धरून गॅस द्या. तेलाची रेघ उठली तर पंप चालू आहे. बारसाठी गाडीतून काढलेलं काळं ऑइल वापरू नका. त्यातल्या धातूच्या कणांनी पंप आणि बार खराब होतात, आणि ते तेल बागेत आणि अंगावर उडतं.

*खरेदीला जाण्याआधी हे चार फोटो काढा* 📷
१. मशीनची नावाची पट्टी
२. बारवरचे आकडे
३. चेनशेजारी पट्टी ठेवून, तीन रिव्हेट दिसतील असा
४. कार्ब्युरेटरवरचा नंबर

फोटो आपल्या ग्रुपवर टाका आणि सोबत ड्राइव्ह लिंकची संख्या लिहा. दोन-चार जणांचं मशीन एकच निघालं तर कंपनीमार्फत भाग एकत्र मागवता येतील. ब्रेक चालतो की नाही तेही लिहा. त्याचं उत्तर "नाही" असेल तर बाकीचे भाग नंतर बघू.

आपला,
कृषी सल्लागार