आधी मुलांचं बोलणं, मग तुझा व्हिडिओ

भडगाव, जि. जळगाव

चि. भाचीस,

कॉलेजनं अर्थशास्त्राचा ऑनलाइन अभ्यासक्रम तुझ्याकडे सोपवल्याचं ताईनं फोनवर सांगितलं. फार आनंद झाला. व्हिडिओ कसे काढावेत, किती काढावेत, हे तू विचारलं आहेस. त्याचं सांगतोच, पण आधी एक कागद घे आणि तीन गोष्टी लिहून काढ: पहिल्या आठवड्यात मुलं काय करतील, कोणाशी बोलतील आणि त्यांना उत्तर कधी मिळेल. हे ठरल्याशिवाय रेकॉर्डिंगला बसू नकोस.

2020 च्या टाळेबंदीत फळ्यासमोरचा तास जसाच्या तसा मोबाइलवर गेला. शिक्षक जीव तोडून बोलत होते, पण पलीकडे कोण ऐकतंय आणि कोणाच्या डोक्यावरून जातंय, ते कळायला मार्ग नव्हता. वर्गात चेहरे बघूनच आपण ओळखतो की गाडी अडली. ऑनलाइनमध्ये ती सोय मुद्दाम करावी लागते. दूरशिक्षणाचे अभ्यासक मायकेल मूर यांनी 1970 च्या दशकापासून हाच विचार मांडला. शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्यातलं खरं अंतर मैलांचं नसतं. संवाद तुटला की ते वाढतं. त्या हिशोबानं शेवटच्या बाकावरचा गप्प मुलगाही दूरच असतो, आणि एरंडोलच्या खेड्यातून नेमानं प्रश्न पाठवणारी मुलगी जवळ असते.

याचा धडा आपल्या खानदेशातच आहे. साने गुरुजी अमळनेरला शिक्षक होते, वसतिगृहही सांभाळत. मुलं एकाच छपराखाली, हाकेच्या अंतरावर होती. तरीही गुरुजी त्यांच्यासाठी ‘छात्रालय दैनिक’ स्वतःच्या हातानं लिहून काढत. समोर बोलता येत असूनही त्यांना लिहावंसं वाटलं, कारण लिहिलेलं मूल आपल्या सवडीनं वाचतं आणि मनात घोळवतं. तूही दर सोमवारी मुलांना पानभर पत्र लिही. गेल्या आठवड्यात कुठे अडलं, कोणाचा प्रश्न चांगला होता, या आठवड्यात काय करायचं, एवढंच त्यात असू दे. सूचनाफलकाची भाषा नको, तुझी स्वतःची भाषा वापर.

आता व्हिडिओंचं. 2014 साली संशोधक फिलिप गुओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एडेक्स या ऑनलाइन मंचावरच्या अभ्यासक्रमांत मुलांनी व्हिडिओ पाहिल्याच्या सुमारे 69 लाख नोंदी तपासल्या. मुलांचं लक्ष साधारण सहा मिनिटांपर्यंतच टिकतं, असं त्यांना दिसलं. महागड्या स्टुडिओपेक्षा टेबलाशी बसून आपुलकीनं बोलणारा शिक्षक मुलांना अधिक धरून ठेवतो, हेही दिसलं. म्हणून कॅमेऱ्याची चिंता सोड. एका व्हिडिओत एकच मुद्दा घे, आणि तो संपला की लगेच मुलाला काहीतरी करायला लाव. मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिक यांनी 2006 मध्ये दाखवलं की धडा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा, पुस्तक मिटून आठवून लिहिणाऱ्यांच्या तो आठवड्यानंतर जास्त लक्षात राहतो. तेव्हा छोट्या चाचण्या ठेव, पण गुणांसाठी नको. उत्तर चुकलं तर का चुकलं, ते तिथल्या तिथे दोन ओळींत दिसू दे.

स्वयम हा केंद्र सरकारचा ऑनलाइन अभ्यासक्रमांचा मंच 2017 साली सुरू झाला. त्यातल्या अभ्यासक्रमाचे चार भाग असतात: व्हिडिओ, वाचनसाहित्य, चर्चा आणि स्वयंमूल्यमापन. अभ्यासक्रम तयार करणाऱ्याचा सगळा जीव पहिल्या भागात अडकतो आणि चर्चेला उरलासुरला वेळ मिळतो. तू चर्चेपासून सुरुवात कर.

चर्चा पेटते ती प्रश्नामुळे. ‘बाजारपेठ म्हणजे काय?’ असं विचारलंस तर साठ मुलं गाइडमधली एकच व्याख्या साठदा उतरवतील. त्याऐवजी विचार, ‘गेल्या हंगामात तुमचा किंवा शेजाऱ्यांचा कापूस कुठे विकला? दारात आलेल्या व्यापाऱ्याला दिला की सीसीआयच्या सरकारी खरेदी केंद्रावर नेला? का?’ मग बघ. कोणी लिहील, व्यापारी रोख देतो आणि लग्न तोंडावर होतं. कोणी लिहील, केंद्रावर रांग मोठी आणि ट्रॅक्टरचं भाडं परवडेना. हमीभाव, उधारी, वाहतूक खर्च, मालातला ओलावा, सगळं अर्थशास्त्र त्यांच्याच तोंडून बाहेर येईल. सहा-सहा मुलांचे गट कर. साठांच्या गर्दीत लाजरं मूल बोलत नाही. कोणी अहिराणीत ‘माले समजनं नही’ असं लिहिलं तर त्याला आधी शाबासकी दे. भाषा सुधारायला पुढे वेळ आहे, धीर खचला तर तो परत आणणं अवघड.

उत्तरं तपासताना ‘छान’ एवढंच लिहून सोडू नकोस. एक बरोबर गोष्ट दाखव, एक सुधारायची सांग, आणि दोन दिवसांत परत कर. पाटानं सोडलेलं पाणी सगळ्या वावरात पसरतं, ठिबकचं थेट मुळाशी जातं. तुझा शेरा ठिबकसारखा असू दे.

आणि घरोघरची परिस्थिती विसरू नकोस. पुष्कळ घरांत मोबाइल एकच असतो. वडील रात्री शेतातून आले की तो मुलीच्या हाती पडतो. म्हणून ठरावीक वेळेच्या थेट तासावर हजेरी बांधू नकोस, कामाला आठवडाभराची मुदत दे. प्रत्येक व्हिडिओबरोबर त्याचं ऐकता येईल असं हलकं ध्वनिमुद्रण आणि छापता येईल असा मजकूर ठेव. वहीत लिहून फोटो पाठवला तरी चालेल, हे पहिल्याच दिवशी सांग. मोठा प्रकल्प कापूस वेचणीच्या दिवसांत टाकू नकोस; त्या दिवसांत अर्धी मुलं वावरात असतात.

नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 मध्ये स्थापन झालं, ते ज्यांना कॉलेजच्या दारापर्यंत येता येत नाही त्यांच्यासाठी. तुझ्या अभ्यासक्रमातही अशी मुलं असतील. शेती, संसार, नोकरी सांभाळून ती शिकायला बसतील. आपलं लिहिलेलं कोणीतरी वाचतं, याची खात्री त्यांना झाली की ती मध्येच सोडून जाणार नाहीत, आणि ती खात्री देणं पूर्णपणे तुझ्या हातात आहे.

पहिल्या आठवड्याचा आराखडा झाला की मला पाठव. त्यातले प्रश्न मी आधी वाचीन, व्हिडिओ नंतर बघीन. ताईला आणि जावईबापूंना नमस्कार.

कळावे,
तुझा मामा