मापाचे जाळे : अवजड यंत्रे जागेवर बसवताना

आमच्या या पानावर बहुतेक वेळा कर्ज, परवाने आणि बाजारभाव यांचीच चर्चा असते. आज आम्ही मापाविषयी लिहिणार आहोत. कारण माप चुकले की नफा जातो, आणि पुष्कळदा गिऱ्हाईकही जाते.

आमच्या परिचयातील एका फॅब्रिकेशनवाल्या बंधूंची गोष्ट सांगतो. त्यांना एका शेडचे काम मिळाले होते. पाच-पाच मीटरचे बारा गाळे, वर क्रेनचा गर्डर. त्यांच्या माणसाने पाच मीटरच्या टेपने एका खांबापासून दुसरा, दुसऱ्यापासून तिसरा, अशी मापे घेत बोल्ट बसवले. टेपच्या तोंडाची पत्री सैल झालेली होती. प्रत्येक गाळ्यात दोन मिलिमीटरचा फरक पडत गेला आणि शेवटच्या खांबावर तो चोवीस मिलिमीटर झाला. गर्डरची भोके जुळेनात. तोडफोड आणि दुरुस्ती खिशातून करावी लागली, शिवाय मालकाने शेवटचे बिल अडवले ते वेगळेच.

यात शिकण्यासारखे दोन मुद्दे आहेत. चूक दोन जातींची असते. हात हलला, नजर चुकली, ही चूक कधी इकडे तर कधी तिकडे जाते. तशी दोन मिलिमीटरची चूक बारा वेळा झाली असती, तर शेवटी साधारण सात मिलिमीटरच फरक पडला असता, कारण अधिक-उणे एकमेकांना बरेचसे खाऊन टाकतात. पण सैल पत्रीची चूक नेहमी एकाच बाजूला जाते. ती बेरजेने वाढते आणि कितीही वेळा मोजले तरी सापडत नाही. दुसरा मुद्दा असा की, एकापासून दुसरे माप घेण्याऐवजी सगळी मापे एकाच पक्क्या बिंदूपासून घेतली असती, तर नुकसान दोन मिलिमीटरवरच थांबले असते.

आता हेच काम साठ मीटरचे नसून सत्तावीस किलोमीटरचे आहे असे समजा. फ्रान्स आणि स्वित्झर्लंडच्या सरहद्दीवर, जिनिव्हाजवळ, सर्न नावाची संशोधन संस्था आहे. तिने जमिनीखाली एक गोल बोगदा खोदला. त्याचा घेर सुमारे २६.७ किलोमीटर. १९८८ च्या फेब्रुवारीत त्याची दोन तोंडे एकमेकांना मिळाली तेव्हा फरक निघाला तो अवघा एक सेंटिमीटर. आज त्याच बोगद्यात पंधरा मीटर लांब आणि सुमारे ३५ टन वजनाचे १२३२ मोठे चुंबक एकामागे एक बसवलेले आहेत. शेजारच्या दोन चुंबकांतली जुळणी मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास राखावी लागते. एवढ्या लांबीवर टेप काय कामाचा?

तेथे आधी जाळे टाकतात. जाळे म्हणजे काय, हे आमच्या सुतार बंधूंना सांगण्याची गरज नाही. दाराची चौकट करताना चारही बाजू मोजून भागत नाही, कारण बाजू बरोबर असूनही चौकट तिरपी असू शकते. एक कर्ण मोजला की आकार पक्का होतो. मग आपण दुसरा कर्ण का मोजतो? तपासणीसाठी. चार बिंदूंना पाच मापे पुरतात, सहावे माप पहिल्या पाचांची चोरी पकडते. शास्त्रज्ञांचे जाळे हेच करते. जमिनीवर खोलवर पाया घेतलेले काँक्रीटचे खांब उभे करायचे, शक्य तितक्या खांबांमधली अंतरे आणि कोन मोजायचे, आणि गरजेपेक्षा पुष्कळ जास्त मापे घ्यायची. मापे एकमेकांशी तंतोतंत कधीच जुळत नाहीत. राहिलेला फरक सर्व मापांवर न्यायाने वाटण्याची गणिती रीत लजांद्र या फ्रेंच गणितज्ञाने १८०५ मध्ये छापली. आज ते काम संगणक क्षणात करतो.

पण आमच्या मते खरी अक्कल त्याच्या आधी लागते. एकही खांब उभा करण्यापूर्वी कागदावर जाळे काढून पाहतात, की खांब येथे ठेवले, अमुक उपकरण वापरले, तर शेवटच्या यंत्रापाशी चूक किती उरेल? लांबट, चिंचोळे त्रिकोण असतील तर आडव्या दिशेची चूक वाढते. बोगद्यात नेमके हेच होते, तेथे रुंदीच नसते. म्हणून मुख्य जाळे वर मोकळ्या जमिनीवर टाकायचे, विहिरीसारख्या उभ्या खड्ड्यांतून ते बिंदू ओळंब्याने खाली उतरवायचे आणि मग बोगद्यात छोटे जाळे पुढे न्यायचे. हिशेबात चूक जास्त दिसली तर एखादा खांब हलवायचा. कागदावरचा खांब हलवायला पैसे पडत नाहीत!

ओळंबा म्हटले की आणखी एक अडचण येते. तो पृथ्वीच्या ओढीने लटकतो, आणि शेजारी मोठा डोंगर असेल तर डोंगरही त्याला किंचित ओढतो. सर्नच्या शेजारी जुरा पर्वत आहे. एका अंशाचे ३६०० भाग केले तर त्यातल्या एका भागाने ओळंबा कलला, तरी किलोमीटरभर अंतरावर सुमारे पाच मिलिमीटरचा फरक पडतो. त्याचा हिशेब आधीच धरावा लागतो. पाणसळीचेही तेच. पाणसळ आपल्याला सपाट पातळी देते असे आपण मानतो, पण पाणी पृथ्वीच्या गोलाईने वाकते. शंभर मीटरवर हा वाक पाऊण मिलिमीटरहून थोडा जास्त, चार किलोमीटरवर तो सव्वा मीटर होतो. शेडला याने काही फरक पडत नाही. पण आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ लायगो-इंडिया हा प्रकल्प व्हायचा आहे. केंद्राने २०२३ मध्ये त्यासाठी सुमारे २६०० कोटी रुपये मंजूर केले. त्याच्या दोन भुजा चार-चार किलोमीटरच्या, आणि त्यांतून लेसर किरण सरळ जाणार. किरण पाण्यासारखा वाकत नाही. तेथे केवळ पाणसळीच्या भरवशावर नळ्या बसवल्या, तर किरण वर आणि नळी खाली अशी गत होईल.

ऊन हा मापाचा दुसरा वैरी. तीस मीटरची पोलादी टेप पंधरा अंशांनी तापली तर पाच मिलिमीटरने लांबते. दुपारी घेतलेले माप आणि पहाटे घेतलेले माप जुळत नाही, आणि कारागिरावर विनाकारण आळ येतो. यावर उपाय म्हणून गिलोम या शास्त्रज्ञाने १८९६ मध्ये लोखंड आणि निकेल यांचा इनव्हार नावाचा मिश्रधातू शोधला. तो पोलादाच्या जेमतेम दहाव्या भागाएवढा वाढतो. या कामाबद्दल त्यांना १९२० चे नोबेल मिळाले. सर्नमध्येही अनेक वर्षे इनव्हारच्या तारांनी अंतरे मोजली गेली. प्रकाशाने मोजायचे तर हवा आड येते. हवेचे तापमान एका अंशाने चुकीचे धरले की किलोमीटरमागे एक मिलिमीटर गेला. म्हणून वरच्या मुख्य जाळ्यासाठी दोन रंगांचे किरण सोडणारे उपकरण वापरले. हवेत दोन रंगांचा वेग किंचित वेगळा असतो, त्या फरकावरून हवेचाच हिशेब निघतो.

पायाची गोष्ट तर फार जुनी आहे. इ.स. ९९४ मध्ये आजच्या तेहरानजवळच्या रय शहरात अल-खुजंदी यांनी सुमारे वीस मीटर त्रिज्येचे प्रचंड दगडी उपकरण बांधले आणि सूर्याच्या उंचीवरून पृथ्वीच्या अक्षाचा कल मोजला. उत्तर थोडे कमी आले. अल-बिरूनी यांनी कारण लिहून ठेवले आहे. ज्या छिद्रातून सूर्यकिरण आत येई, तेच उन्हाळा आणि हिवाळा या दोन निरीक्षणांच्या मधल्या काळात सुमारे वीतभर खचले होते. उपकरण उत्तम, विद्वान उत्तम, पण इमारत बसली! आज मोठ्या यंत्राभोवतीचे खांब पुन्हा पुन्हा मोजतात ते याचसाठी. जिनिव्हाच्या बोगद्याचा घेर तर चंद्राच्या ओढीनेही मिलिमीटरभर कमी-जास्त होतो, हे १९९० च्या दशकात तिथल्या यंत्रावर प्रत्यक्ष दिसले.

आमच्या कारागीर बंधूंना बरे वाटेल अशी एक बाब येथे नोंदवतो. एवढे लेसर आणि संगणक असूनही सर्नमध्ये चुंबकांची ओळ तपासायला ताणलेली तार वापरतात. आणि उंची जुळवायला फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या प्रयोगशाळेत पाण्याने भरलेल्या, एकमेकींना जोडलेल्या भांड्यांची व्यवस्था उभारली गेली. म्हणजे गवंड्याची दोरी आणि पाण्याची नळी. फरक इतकाच की तेथे दोरीचा आणि पाण्याचा कल डोळ्यांऐवजी विजेचे उपकरण वाचते. आपल्या देशातही, संपूर्ण हिंदुस्थानची मोजणी चालू असताना, तिची मोठी कोनमापक यंत्रे सांभाळणारे अर्काटचे सय्यद मीर मोहसिन हुसेन हे हाताने शिकलेले कारागीरच होते. एव्हरेस्ट साहेबांच्या आग्रहावरून १८४३ मध्ये त्यांची सर्वेक्षण खात्याचे यंत्रकार म्हणून नेमणूक झाली. त्या जागेवर पूर्वी विलायतेहून आणलेला माणूस होता.

अशा प्रकल्पांची सांगाडे, बैठका, खांब अशी कामे कंत्राटांतून पोटकंत्राटांत येतात. दर सांगण्यापूर्वी ड्रॉइंगवर चार गोष्टी शोधाव्यात. माप कोणत्या बिंदूपासून धरायचे? किती फरक चालेल, आणि तो शेजाऱ्याशी की मूळ बिंदूशी? कोणत्या तापमानाला? वर्कशॉपमधली मापे साधारणपणे वीस अंशांना धरतात, आणि आपल्या शेडमध्ये मे महिन्यात चाळीस असतात. तीन मीटरची बैठक तेवढ्यानेच पाऊण मिलिमीटरच्या आसपास वाढते. चौथी गोष्ट, शेवटचे माप कोण घेणार आणि कशाने? ते लेसरने घेणार असतील तर आरसा बसवलेला पोलादी गोळा ठेवण्यासाठी बैठकीवर खळगे लागतात. ते वेल्डिंग संपून ताण उतरल्यावर बसवावेत, आधी बसवले तर वेल्डिंगच्या ओढीने सरकतात. यातले काही ड्रॉइंगवर नसेल तर तोंडी विचारून भागवू नये, लेखी मागून घ्यावे आणि ते पत्र बिलाच्या फाईलला लावून ठेवावे.