भाषणाची तयारी : कीर्तनकाराकडून घ्यावयाचा धडा

खेड्यांतून अंधेरी, घाटकोपर किंवा मुलुंड येथें भाषणास जाणाऱ्या आमच्या बंधुभगिनींस एक अनुभव हटकून येतो. गांवीं तासभर स्वस्थ बसणारे श्रोते येथें अर्ध्या तासांत चुळबुळूं लागतात. यांत श्रोत्यांचा दोष नाहीं. समोर कोणी कोंकणांतला, कोणी साताऱ्याकडचा. सकाळीं बहुतेकांस लोकलगाडी गाठावयाची. अशांस एकत्र धरून ठेवील असें एक सूत्र भाषणांत हवें.

तें शोधावयास दूर जाण्याचें कारण नाहीं. नारदीय कीर्तनकार पूर्वरंगांत एक पद घेऊन त्याचें निरूपण करितो, उत्तररंगांत त्याच अर्थाचें आख्यान लावितो, आणि शेवटीं पुनः मूळ पदावर येतो. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनीं ही रीत ख्रिस्ती मंडळ्यांतही चालविली.

समजा, विषय कर्जाचा आहे. आपलें मूळ पद एका वाक्यांत लिहावें : 'कर्ज काढण्यापूर्वीं फेडीचा दिवस ठरवावा.' हें वाक्य एखाद्या आजीबाईस घरीं जाऊन सुनेला सांगतां येईल काय? येत नसेल तर भाषण अजून कच्चें आहे, असें समजावें. आमच्या मतें तयारीचा निम्मा वेळ या एका वाक्यासच द्यावा. मग आख्यान, तेंही एकच. गांवीं लग्नाच्या कर्जापायीं गहाण पडलेल्या शेताची गोष्ट सांगावी. मुलुंडच्या चाळींत मात्र पहिल्या तारखेलाच संपणाऱ्या पगाराची सांगावी. तिसरी गोष्ट कितीही गोड असो, ती पुढच्या भाषणास ठेवावी.

सर्व भाषण कागदावरून वाचूं नये. चार शब्दांची चिठ्ठी पुरे. पण घरीं दोनदां मोठ्यानें बोलून पाहावें व घड्याळ लावावें. कीर्तनकारास मध्यें गजर करून श्रोत्यांस विसांवा देतां येतो. वक्त्यानें त्या जागीं प्रश्न विचारून क्षणभर थांबावें. सभागृह रुळांजवळ असेल तर गाडी जाईपर्यंत गप्प राहावें. तिच्याशीं आवाजाची झुंज कोणींच जिंकलेली नाहीं!

पार्ल्याच्या लोकमान्य सेवा संघासारख्या (स्थापना १९२३) संस्थेंत व्याख्यान असेल तेव्हां मागच्या बांकावर बसून वक्त्याकडे नव्हे, तर श्रोत्यांकडे पाहावें. लोक कोठें मान डोलावितात आणि कोठें घड्याळ पाहतात, हें तेथें उमगतें.

शेवटचें वाक्य घरूनच ठरवून न्यावें. 'आतां एवढेंच सांगतों' असें म्हटल्यावर तेवढेंच सांगून खालीं बसावें. आभार अध्यक्ष मानतील.